जिओसर्व्हर मंद आहे आणि रॅम वाढवूनही फरक नाही: मग बघायचं कुठे?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मशीन ८ कोअरचं, रॅम ३२ जीबी, त्यातली २४ जीबी जाव्हाच्या हीपला (जाव्हा प्रोग्रॅमसाठी राखलेली मेमरी). जिओसर्व्हर (वेबवर नकाशे पुरवणारं सॉफ्टवेअर) २.२१, पोस्टग्रेस हा डेटाबेसही त्याच मशीनवर. नकाशात तीन लेयर: जिल्ह्यातल्या जमिनीच्या गटांच्या हद्दी, रस्ते आणि ड्रोनची एक मोठी जिओटिफ (स्थानाची माहिती असलेली इमेज फाइल). एकट्याने उघडला तर नकाशा यायला चार-पाच सेकंद. सकाळी साडेदहानंतर पन्नासेक जण बसले की पांढरे चौकोन. टॉमकॅट (जिओसर्व्हर ज्यावर चालतो तो वेब सर्व्हर) रीस्टार्ट केला की थोडा वेळ बरं चालतं. रॅम ८ वरून ३२ केली, पण परिस्थिती सुधारली नाही, उलट किंचित बिघडली.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते चार-पाच सेकंद. गर्दी नसताना, एका माणसासाठी, एवढा वेळ लागतोय. म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टमागे सर्व्हर गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करतोय आणि गर्दीत ते नुसतं उघडं पडतंय. हे काम कमी केल्याशिवाय रॅम, कोअर, दुसरा सर्व्हर, काहीही जोडलं तरी पैसे वाया जातील.

म्हणून एकच मंद रिक्वेस्ट धरा आणि ती उलगडा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा, सगळ्यात जास्त वेळ घेणारी गेटमॅप (नकाशाचं चित्र मागणारी) रिक्वेस्ट शोधा आणि तिचा पत्ता कॉपी करा. आता तोच पत्ता तीनदा चालवा: एकदा फक्त गट, एकदा फक्त रस्ते, एकदा फक्त ड्रोनची इमेज. वेळ कोण खातंय ते लगेच कळतं. तीच रिक्वेस्ट पाठोपाठ पुन्हा चालवल्यावर वेळ एकदम कमी झाला, तर अडचण डिस्कवरून वाचण्यात आहे. तेवढाच राहिला, तर गणितात, म्हणजे सीपीयूच्या कामात. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला गट आणि ड्रोन इमेज या दोन्हींवर संशय आहे.

आधी इमेज. जिओटिफ आतून पट्ट्यांमध्ये साठवलेली असते किंवा चौकोनी टाइल्समध्ये. सॉफ्टवेअरमधून थेट एक्स्पोर्ट केलेली फाइल बऱ्याचदा पट्ट्यांची निघते, आणि पट्टी म्हणजे इमेजच्या पूर्ण रुंदीची ओळ. समजा इमेज १,००,००० पिक्सेल रुंद आहे आणि ब्राउझरला २५६ बाय २५६ चा एक तुकडा हवाय. फाइल कॉम्प्रेस केलेली असेल तर पट्टी अर्धवट उलगडता येत नाही. २५६ ओळी पूर्णच उलगडाव्या लागतात: २५६ गुणिले १,००,००० गुणिले ३ बँड (रंगांचे थर), म्हणजे जवळपास ७७ एमबी. प्रत्यक्षात हवे असतात २०० केबीसुद्धा नाहीत. एका तुकड्यामागे सुमारे ३९० पट जास्तीचं काम, आणि स्क्रीन भरायला असे वीस-तीस तुकडे लागतात.

जीडीएएल या नकाशांच्या फाइल्स हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इन्फो टूलने फाइल तपासा. ब्लॉकच्या आकारात पहिला आकडा इमेजच्या रुंदीएवढा दिसला तर फाइल पट्ट्यांची आहे. त्याच ठिकाणी प्रत्येक बँडखाली ओव्हरव्ह्यूची यादी येते. ती रिकामी असेल तर दुसरं दुखणंही सापडलं. ओव्हरव्ह्यू म्हणजे त्याच इमेजच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या तयार आवृत्त्या. त्या नसतील तर अख्खा जिल्हा दाखवतानाही सर्व्हर मूळ बारीक पिक्सेलमध्येच शिरतो. लोक जागेच्या भीतीने ओव्हरव्ह्यू टाळतात, पण त्यांनी फाइल साधारण एक-तृतीयांशानेच वाढते (पाव, अधिक एक-सोळांश, अधिक एक-चौसष्टांश असं करत). जीडीएएल ३.१ किंवा पुढचं असेल तर क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफचा ड्रायव्हर वापरा. टाइल्स आणि ओव्हरव्ह्यू दोन्ही एका आदेशात होतात. फोटोसारख्या इमेजला जेपीईजी कॉम्प्रेशन चालतं. उंचीच्या डेटाला ते कधीही लावू नका, तिथे डिफ्लेट घ्या, नाहीतर उंचीचे आकडेच बदलतील. फाइल बदलताना तिला थेट ईपीएसजी ३८५७ (वेब नकाशांचं वेब मर्केटर प्रोजेक्शन) मध्येच आणा, म्हणजे दर वेळी इमेज वाकवण्याचं कामही वाचतं.

आता गट. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडची अडचण विदर्भात पुन्हा पुन्हा दिसते. यूटीएम या प्रोजेक्शन पद्धतीत पृथ्वीचे रेखांशांनुसार पट्टे, म्हणजे झोन, असतात. त्यातला झोन ४३ हा ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो आणि तिथून ४४ सुरू होतो. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ४३ मध्ये, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. तुमच्या जिल्ह्यातून ही रेषा जाते, म्हणून काही तालुके ३२६४३ (झोन ४३ चा कोड) मध्ये आणि काही ३२६४४ (झोन ४४ चा) मध्ये आले, आणि दोन टेबलं जोडायला तुम्ही एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी) केलात ज्यात एसटी ट्रान्सफॉर्म (प्रोजेक्शन बदलणारं फंक्शन) आहे. दिसायला सगळं बरोबर आहे, दोन्ही मूळ टेबलांवर जिस्ट इंडेक्सही (जागेनुसार झटपट शोधायची सूची) आहे. पण इंडेक्स आहे मूळ जॉमेट्रीवर (साठवलेल्या आकारांवर) आणि जिओसर्व्हर प्रश्न विचारतोय ट्रान्सफॉर्म केलेल्या जॉमेट्रीवर. त्या तालुक्यांसाठी पोस्टग्रेसला तो इंडेक्स वापरताच येत नाही. मग तो टेबलमधला एकेक पॉलिगॉन काढतो, त्याचं रूपांतर करतो आणि मग तो चौकटीत बसतो का ते बघतो. नकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी, लाखो गटांवर, पहिल्यापासून.

खात्री करून घ्या. पोस्टग्रेसमध्ये मंद क्वेरी लॉग करण्याची मर्यादा २५० मिलिसेकंदांवर ठेवा, नकाशा हलवा, लॉगमध्ये आलेली क्वेरी उचला आणि तिच्यापुढे एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून चालवा. सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीओळीने वाचणं) दिसला आणि फिल्टरने गाळलेल्या ओळींचा आकडा लाखांत असला, तर हेच कारण.

उपाय असा की व्ह्यूऐवजी मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) किंवा सरळ टेबल करा, जॉमेट्री एकाच प्रोजेक्शनमध्ये आणा, त्यावर जिस्ट इंडेक्स बांधा, अ‍ॅनालाइझ चालवा आणि रात्री एकदा रिफ्रेश करा. गटांच्या हद्दी दिवसातून दहा वेळा बदलत नाहीत, त्यामुळे एका रात्रीचा उशीर चालतो. एक मात्र कटाक्षाने पाळा: ३८५७ मधली जॉमेट्री फक्त दाखवण्यासाठी. २० अंश अक्षांशावर त्यातलं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त भरतं. शेतकऱ्याच्या जमिनीचा आकडा त्यातून काढला तर ती गंभीर चूक ठरेल. क्षेत्रफळ मूळ यूटीएमवरूनच काढा किंवा आधीच वेगळ्या रकान्यात साठवा.

याच टेबलवर गावाच्या कोडने फिल्टर होत असेल तर त्या रकान्यालाही इंडेक्स द्या, आणि रकाना मजकुराचा असताना तुलनेसाठी त्याचं आकड्यात रूपांतर करू नका. तिथेही इंडेक्स निकामी होतो. जंगलाची किंवा जलाशयाची हद्द असे हजारो बिंदूंचे पॉलिगॉन असतील तर एसटी सबडिव्हाइडने त्यांचे तुकडे करा. ते फक्त रंग भरण्यासाठी, कारण तुकड्यांच्या कडा रेषा म्हणून दिसतात.

स्टाइलबद्दल थोडक्यात. एसएलडीमध्ये (नकाशाच्या स्टाइलच्या फाइलमध्ये) प्रमाणाची मर्यादा घाला. १:२५,००० पेक्षा दूरचं दृश्य असेल तेव्हा गटांच्या रेषा आखल्या तर स्क्रीनवर नुसता काळा गिचमिडा होतो, तो कोणी वाचत नाही आणि सगळ्यात महागही तोच पडतो. गट क्रमांकाची लेबलं आणखी जवळ, १:५,००० च्या आत. लेबलांच्या आपसातल्या टकरी टाळण्याचं गणित सर्व्हरला बरंच जड जातं.

इथपर्यंत आलात की एका माणसाचे चार-पाच सेकंद एका सेकंदाच्या आत यायला हवेत. ते आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कॅश. तुम्ही म्हणता जिओवेबकॅश (तयार टाइल्स साठवून देणारा जिओसर्व्हरचा भाग) चालू आहे. चालू असणं आणि वापरात असणं वेगळं. मघाच्याच नेटवर्क टॅबमध्ये उत्तराचे हेडर बघा. जिओवेबकॅशचा कॅश-रिझल्ट असा हेडर येतो, त्यात हिट किंवा मिस लिहिलेलं असतं. मिस असेल तर बऱ्याचदा शेजारच्या हेडरमध्ये कारणही मिळतं. हेडरच नसेल तर रिक्वेस्ट कॅशपर्यंत पोहोचतच नाही: एकतर थेट डब्ल्यूएमएस (नकाशाचं चित्र मागण्याची पद्धत) जोडणीचा पर्याय बंद आहे, किंवा ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटमधून टाइल्ड हा पॅरामीटर जात नाही. सगळ्यात सोपं म्हणजे क्लायंटला डब्ल्यूएमटीएसचाच (तयार टाइल्स मागण्याच्या पद्धतीचा) पत्ता द्या.

कॅश आधीच भरून ठेवताना, म्हणजे सीडिंग करताना, हिशेब करून बसा. झूम १८ ला एक टाइल वेब मर्केटरच्या मापाने सुमारे १५३ मीटरची. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटर, म्हणजे वरची १३ टक्क्यांची वाढ धरून फक्त त्या एका पातळीवर साडेसहा लाखांच्या वर टाइल्स. झूम १९ ला त्याच्या चौपट, २० ला कोटीच्या पुढे, तेही एका लेयरचं एका फॉरमॅटमध्ये. शिवाय सीडिंग आयताकृती चौकटीवर चालतं, जिल्ह्याच्या हद्दीवर नाही. झूम १५-१६ पर्यंत भरा, पुढचं लोक बघतील तसं साठू दे, आणि डिस्क कोटा लावा. रात्रीच्या रिफ्रेशनंतर गटांची कॅश रिकामी करायला विसरू नका. डब्ल्यूएफएसमधून (जिओसर्व्हरमार्फत डेटा वाचण्या-बदलण्याच्या पद्धतीतून) केलेला बदल जिओसर्व्हरला कळतो, पण थेट डेटाबेसमध्ये केलेला कळत नाही. फेरफार झालेल्या गटाची जुनी हद्द नकाशावर दिसणं हे नकाशा मंद असण्यापेक्षा वाईट.

आता साडेदहाची गर्दी. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी सहा जोडण्या उघडतो. पन्नास माणसं, म्हणजे तीनशे रिक्वेस्ट. टॉमकॅटचे थ्रेड (एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामगार) मूळ सेटिंगमध्ये २००. जिओसर्व्हरच्या पोस्टजीआयएस (पोस्टग्रेसचा नकाशांसाठीचा विस्तार) स्टोअरमध्ये डेटाबेसच्या जोडण्या मूळ सेटिंगमध्ये १०. कोअर ८. दोनशे थ्रेड दहा जोडण्यांसाठी ताटकळतात, वीस सेकंदांत जोडणी मिळाली नाही की त्रुटी येते, तोवर वैतागलेल्या माणसाने पान रिफ्रेश केलेलं असतं आणि आणखी रिक्वेस्ट येऊन पडतात. रीस्टार्टने ही तुंबलेली रांग मोडते, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. मेमरीशी त्याचा संबंध नाही.

कंट्रोल-फ्लो हे रिक्वेस्टची रांग लावणारं जिओसर्व्हरचं एक्स्टेन्शन टाका. एका वेळी गेटमॅप किती चालाव्यात ते कोअरच्या हिशेबाने ठरवा, तुमच्याकडे १६ पासून सुरुवात करा, दर वापरकर्त्याला सहा, आणि रांगेत थांबण्याची मर्यादा ६० सेकंद. डेटाबेसच्या जोडण्या २० करा. एकाच वेळी कमी कामं घेतली की एकूण कामं जास्त होतात, हे पहिल्याच सकाळी दिसेल.

आणि तो २४ जीबीचा हीप. त्यामुळे पोस्टग्रेस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि फाइल कॅश यांना मिळून ८ जीबी उरले. टेबलं आणि जिओटिफ वेगाने वाचल्या जातात त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइल कॅशमधून, आणि तुम्ही नेमकी तीच उपाशी ठेवलीत. किंचित बिघडलं ते बहुधा यामुळेच. हीप ४ जीबीवर आणा, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (त्याची स्वतःची कॅश मेमरी) मूळ १२८ एमबीवरच असतील तर ६ ते ८ जीबी करा, बाकीची रॅम मोकळी सोडा. लॉगिंग व्हर्बोजवर असेल तर प्रॉडक्शनवर न्या.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगणं भाग आहे. २.२१ ही आवृत्ती बाहेरच्या जगाला उघडी असेल तर आजच बंद करा. २०२४ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२४-३६४०१ या त्रुटीमुळे लॉगिन न करता कोणीही सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो. दुरुस्ती २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ मध्ये आली. या वाटेने घुसून क्रिप्टो मायनर बसवल्याची प्रकरणं घडली आहेत. रात्री कोणी वापरत नसताना टॉप कमांड लावून बघा. सीपीयू तेव्हाही भरलेला असेल आणि अनोळखी प्रोसेस दिसली, तर वरचं काहीच करू नका, मशीन नेटवर्कवरून काढा आणि नव्याने उभारा.

ते स्वच्छ असेल तर गटांच्या क्वेरीचा एक्सप्लेन आणि जिओटिफच्या इन्फोतली ब्लॉकची ओळ इथे टाका. इंडेक्स आणि कॉम्प्रेशनचे नेमके पर्याय त्यावरून सांगतो.