येशुआवर विश्वास आहे, रोज प्रार्थनाही करतो, मग स्वार्थ का सुटत नाही?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर रोज सकाळी 'मला निःस्वार्थी कर' असं मागताय, आणि तरी रूममेटनं तुमच्या वाटचं दूध संपवलं की दिवसभर डोकं तापलेलं राहतं. प्रार्थनेत काही चुकतंय का, असा तुमचा प्रश्न आहे. दुधाचं वाचून हसू आलं, कारण माझी गाडी मोगऱ्याच्या कुंडीपाशी अडकली होती.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यात वानवडीत राहते, पन्नाशी उलटली आहे, जन्म मराठी ख्रिस्ती घरातला. गेली काही वर्षं आम्ही चारपाच कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी एका घरी जमतो. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागतात, शेमा ही 'ऐक, इस्राएला' प्रार्थना म्हणतो, तोरातला (मोशेच्या पाच ग्रंथांतला) त्या आठवड्याचा भाग वाचतो, आणि येशुआ, म्हणजे येशू, हाच मशीहा, देवानं वचन दिलेला तारणारा, असं मानतो. यहुदी समाज हे मान्य करत नाही, हेही सांगून ठेवते. कॅम्पातल्या लाल देवळात (तेही सिनेगॉगच, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ) किंवा रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये जाणारे माझ्या ओळखीचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, लोक आमच्या श्रद्धेला यहुदी धर्म म्हणत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला मी जात नाही. तुम्हीही नवा उत्साह घेऊन जाऊ नका.

तर कुंडी. माझी प्रार्थनेची एक वही आहे, दोनशे पानी. एकदा मागची पानं चाळताना पेन्सिलीनं खुणा करत गेले. एका महिन्यात 42 ओळी. त्यातल्या 37 माझ्या, नवऱ्याच्या आणि मुलीच्या नोकरीच्या. उरलेल्या 5 मधल्या 2 ओळी अशा होत्या: 'खालच्या काकांना सुबुद्धी दे.' आमच्या गॅलरीतून पाणी पडतं म्हणून हे काका तीन महिने जिन्यात गाठून बोलत होते, आणि मी तीन महिने त्यांचा स्वभाव बदलावा म्हणून देवाला साकडं घालत होते.

आमच्यात एक आजी आहेत. मूळच्या बेने इस्राएल घरातल्या, माहेर कुलाब्याकडचं. (त्या अजून रायगड म्हणत नाहीत.) त्यांना मी मोठ्या भक्तिभावानं हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ही प्रार्थना आहे की तक्रार अर्ज? नाव काय त्या माणसाचं?"

मला आडनाव माहीत होतं. दारावरच्या पाटीवरचं.

मग त्यांनी मला बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट काढून दाखवला. 42व्या अध्यायातलं 10वं वचन. ज्या मित्रांनी ईयोबाला बोलून बोलून बेजार केलं, त्यांच्यासाठी त्यानं प्रार्थना केली, तेव्हा देवानं त्याचे दिवस पालटले. तालमूद या यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातही याच वचनाचा आधार घेऊन सांगितलंय की स्वतःला एखाद्या गोष्टीची गरज असताना जो तीच गोष्ट दुसऱ्यासाठी मागतो, त्याचं आधी ऐकलं जातं. आजी म्हणाल्या, "मुलीसाठी जे मागतेस ते त्यांच्या मुलासाठी माग." काकांना मुलगा आहे की मुलगी, की कोणीच नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं एका जिन्यानं चढतो-उतरतो आम्ही.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. 'मला निःस्वार्थी कर' या वाक्यात दुसरा माणूसच नाही. त्यात मी आहे आणि माझी सुधारणा आहे. येशुआनं शिकवलेली प्रार्थना बघा: 'आमची' रोजची भाकर, 'आमची' ऋणं. अमिदा या यहुद्यांच्या मुख्य प्रार्थनेतल्या रोजच्या मागण्याही अशाच आहेत, 'आम्हाला बरं कर', 'आम्हाला क्षमा कर'. एकटं बसून म्हटलं तरी त्यात शेजारी बसलेलाच असतो. आणि शेजाऱ्यासाठी नीट मागायचं तर त्याचं काय दुखतंय ते कळायला हवं, म्हणजे उठून जायला हवं.

मी गेले. वाटीभर खीर झाकून नेली, कारण हात हलवत जायची लाज वाटली. काकांनी दार उघडलं, खीर घेतली आणि एक शब्द न बोलता मला त्यांच्या गॅलरीत नेलं. दोरीवर पांढरी चादर होती, आणि तिच्यावर तांबूस मातीचे ओघळ. वर पाहिलं तर माझ्या मोगऱ्याची कुंडी कठड्याच्या बाहेर चार बोटं आलेली. तीन महिने मी स्वर्ग हलवत होते, आणि उपाय काय, तर कुंडीखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या थाळ्या! दुसऱ्याच दिवशी आणल्या. देवानं काकांना सुबुद्धी द्यायच्या आधी मला जरा खाली बघायला लावलं.

नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मशीहानं स्वतःला रिकामं केलं असं म्हटलंय. तेव्हा मला कुठे ते थोडं उमगलं. रिकामं व्हायचं म्हणजे आधी 'माझंच बरोबर आहे' हे ओतून टाकायचं. ते पैशापेक्षा जड जातं, निदान मला तरी.

आता एक सवय सांगते, करून बघा. तोरातल्या लेवीय ग्रंथाच्या 19व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राखा, असं आहे. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात त्याचं प्रमाण दिलंय, साठाव्या भागाहून कमी नको. पुण्यात तुमच्या-माझ्याकडे शेत कुठलं, पण दिवस आहे. दिवसाचा साठावा भाग म्हणजे 24 मिनिटं. ती मी मोकळी ठेवते, कोणासाठी ते आधी ठरवत नाही. या नियमातली खोच मला फार आवडते. मालकानं कापून हातात द्यायचं नाही, सोडायचं. कोण येऊन काय नेईल ते त्यानं निवडायचं नाही, म्हणजे आभारही त्याच्या वाट्याला येत नाहीत. आपण दान देतो तेव्हा निम्मं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं ना?

उपासाचंही तसंच. योम किप्पुरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, सकाळी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 58वा अध्याय वाचतात. त्यात देव उपास करणाऱ्यांनाच झापतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच धंदा बघता. खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. कोकणातले जुने बेने इस्राएल हा दिवस दारं लावून घरात पाळत. आणि दुसऱ्या दिवसाला म्हणत 'शिळा सण'. त्या दिवशी दारं उघडून भेटीगाठी, गरिबांना दानधर्म. आजींच्या तोंडून हा शब्द ऐकल्यापासून मी प्रत्येक प्रार्थनेला विचारते, बाई, तुझा शिळा सण कुठे आहे?

आणि हो, रूममेट बिलाचे पैसे देत नसेल तर तेही गप्प बसून भरत राहू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे लेवीय 19:18 सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वचन सांगतं की मनात द्वेष ठेवू नकोस, त्याला तोंडावर बोल. मनातल्या मनात हुतात्मा होणं हा स्वार्थाचाच सोज्वळ प्रकार आहे. माझा त्यातला अनुभव दांडगा आहे.

मी सुधारले असं समजू नका. गेल्या नोव्हेंबरात, पहिल्या शनिवारी सकाळी बेल वाजली. काका. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाऊन आले होते, यंत्रावर अंगठा उठेना. ब्याऐंशी वर्षांच्या अंगठ्यावर रेषा उरतात किती? मी शब्बाथला मोबाईल बाजूला ठेवते, आणि काकांना नेमकं मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढून हवा होता. खरं सांगते, पहिला विचार आला तो 'रविवारी या' सांगायचा, आणि त्याला शास्त्राधारही तयार होता. पण येशुआनं सांगितलेलं ते मेंढरू आठवलं, शब्बाथला खड्ड्यात पडलेलं, त्याला वर काढणारच की तुम्ही. काढला मोबाईल. मनात कुरकुरतच.

स्क्रीनवर डोळे मिचकावायला सांगतात. काका पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ बसून डोळे वटारत होते. "काका, मिचकवा," म्हटलं की दोन्ही भुवया वर जायच्या. पाचव्या वेळी दोघांनाही हसू फुटलं आणि त्यात कधीतरी ते यंत्र समाधानी झालं. मग चहा झाला. तेव्हा कळलं की मुलगा कॅनडात आहे, आणि फोन येतो तो रविवारी, जेमतेम दोन मिनिटं. त्या मुलाचं नाव आता वहीत आहे, मुलीच्या नावाच्या वर. वर लिहिताना हात जरा अडखळला, हेही सांगून टाकते.

परवा काका जिन्यात भेटले. मी सवयीनं अंग चोरलं. ते म्हणाले, "अहो, मोगरा सुकलाय तुमचा. पाणी घालता की नाही?"