रागावर रॉक गाणं बांधताना गिटारचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आले की राग हरवतो. नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा पंचमावर चुकतं. पॉवर कॉर्डमध्ये मूळ सूर आणि त्याचा पंचम एवढंच असतं, म्हणून तो कुठल्याही रागात खपेल असं वाटतं. पण 'प'वर पॉवर कॉर्ड वाजवला की वरचा सूर शुद्ध रिषभ येतो. भैरव आणि तोडी या रागांत रिषभ कोमल. गळा कोमल 'रे' लावतोय आणि खाली गिटार शुद्ध 'रे' घेऊन गरजतंय, मग राग टिकणार कसा?

पहिल्याच प्रयत्नाला मी कीरवाणी राग सुचवेन. गंधार-धैवत कोमल, बाकी शुद्ध. सा पांढरी दोन (म्हणजे डी) धरा आणि सहावी तार ई वरून डी वर उतरवा. खालच्या तीन खुल्या तारा सा-प-सा होतात, म्हणजे तानपुरा हातातच आला. डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट, ए मेजर हे चारही कॉर्ड रागात बसतात. भैरव हवाच असेल तर डी मेजर, ई फ्लॅट मेजर, जी मायनर. पंचमावर मात्र नुसता ए वाजवा, कॉर्ड नको.

डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाडणारा इफेक्ट) चढवल्यावर मेजर कॉर्डातला गंधार गिटारवर ठेवू नका. गिटारच्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. साध्या आवाजात ते चालून जातं, डिस्टॉर्शनमध्ये खरखरतं. तो गळ्याला सोडा. आणि शेवटच्या कोरसला चढ आणायला स्केल बदलू नका, सा हलला की सगळं गेलं. तार सप्तकात जा.

तालाचं सोपं आहे: तीनतालाच्या १६ मात्रा म्हणजे ४/४चे चार बार. गंमत तिहाईत आहे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्यात. ५ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा दम. समेवरून उचलला तर शेवटचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर पडतो. ड्रमर सवयीने सोळाव्यालाच फिल (मधली भरणी) संपवून समेवर वेगळा क्रॅश (झांजेचा ठोका) मारतात, आणि तिहाई एक मात्रा आधीच मरते. तो 'धा' हाच क्रॅश, तिथेच रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) सुरू.

ऑटोट्यून (सूर आपोआप नेमका करणारं सॉफ्टवेअर) लावायचाच तर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असलेल्या ओळी वगळून लावा, नाहीतर मींडेच्या पायऱ्या होतात. तबला असेल तर डग्गा आणि किक (ड्रमसेटचा पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकाच ठोक्यावर आदळू देऊ नका. खालच्या, जड आवाजात दोन्ही एकमेकांना गिळतात.