कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन दिलं तर बाबांना व्यसन लागेल का?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा कॅन्सर हाडांत पसरलाय, डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात आणि घरात दोन धास्ती आहेत: बाबांना चटक लागेल, आणि पूर्वी नशेत अडकलेल्या धाकट्या भावाच्या हाती गोळ्या पडतील. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेतल्या घरी आईचं असंच दुखणं मी जवळून पाहिलंय, त्यावरून सांगते.

पहिल्या धास्तीपायी आम्ही आईला नाहक छळलं. गोळी दर चार तासांनी द्यायची होती, कारण साध्या मॉर्फिनचा असर साधारण तेवढाच टिकतो. नात्यातल्या कुणीतरी "अफूच ती" म्हटलं आणि दादा नि मी आठ-आठ तास ओढू लागलो. मग आई सारखी विचारायची, "किती वाजले गं?" घड्याळावरून नजर हलेना. दादा म्हणाला, बघ, लागली चटक. चटक कसली! औषध उतरल्यावरचे चार तास ती दात आवळून काढत होती. पेन क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वेळा पाळायला लावल्या आणि तिसऱ्या दिवसापासून तिनं वेळ विचारली नाही.

शरीराला औषधाची सवय होते हे खरं. एकदम थांबवलं तर घाम, जुलाब, तळमळ सुरू होते, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. पण व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही मन त्याच्याच मागे धावणं. बाबा मागतात ते दुखणं थांबावं म्हणून. त्यांनाही पूर्वी दारूची वगैरे सवय असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यामुळे औषध नाकारत नाहीत, देखरेख वाढवतात.

पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मळमळ नि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र हटत नाही. हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर तडक हॉस्पिटल गाठा.

आपल्या माळव्यातच, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यानं अफू पिकते. नीमचला तिच्यापासून मॉर्फिनसारखी औषधी द्रव्यं काढण्याचा सरकारी कारखाना आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं मॉर्फिन मिळणं फार अवघड करून ठेवलं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं करण्याचा रस्ता काढला. एवढं होऊन औषध हाताशी असताना बाबांनी कण्हत पडावं, हे मला बघवत नाही.

भावाची भीती मात्र खरी आहे, तिला कमी लेखू नका. नशा सुटून काही महिने झाले की शरीराची जुनी सहनशक्ती जाते. पूर्वी पचणारी मात्रा आता जीव घेऊ शकते, वर दारू असेल तर अधिकच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या मागा. डबा कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. भावालाही समोर बसवून सांगा. चोरून ठेवल्यासारखं करू नका. गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा औषधाचा पॅच लावत असतील तर काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, तो उघडा टाकू नका.

आमच्याकडे दादा वही ठेवायचा: वेळ, गोळी, उरल्या किती. आई गेली तेव्हा वहीत एकतीस होत्या. डब्यातही एकतीसच निघाल्या. त्या आम्ही क्लिनिकमध्ये परत नेऊन दिल्या.