एफआरपीची होडी आणि फायबरची खुर्ची

प्रश्न असा आहे: मच्छीमारांसाठीच्या एका निविदेत ‘एफआरपी होडी’ असे शब्द आले. एफआरपी म्हणजे उसाचा दर, एवढंच ठाऊक होतं. मग ही कोणती एफआरपी? आणि तिला मराठीत ‘तंतुमय प्लास्टिक’ म्हणावं का?

उसाची एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. ती २००९ साली आली. होडीतलं एफआरपी म्हणजे ‘फायबर रीइन्फोर्स्ड प्लास्टिक’; ते त्याहून कितीतरी जुनं. दोघांचं लिंगही वेगळं: उसाची ‘ती’ थकते, होडीचं ‘ते’ साच्यात घडतं. साच्यावर काचतंतूंची मॅट पसरायची, हार्डनर घातलेलं रेझिन, म्हणजे पुढे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, तिच्यात मुरवायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, वर पुढचा थर. रेझिन घट्ट झालं की होडीचं अंग तयार.

‘तंतुमय’ हा शब्द मला इथे पटत नाही. तंतुमय आहार, तंतुमय आंबा इथे तो शोभतो, कारण तंतू आहेत एवढंच सांगायचं असतं. होडीत तंतू नुसते असत नाहीत, ओढ सोसतात. प्लास्टिक त्यांना जागेवर धरतं आणि एका तंतूवरचा भार शेजारच्या तंतूंवर वाटून देतं. भिंतीच्या मातीत काड मिसळतात ते याच कारणाने. हे बळ सांगणारा शब्द आपल्याकडे आहेच: प्रबलित. स्थापत्याच्या मराठी पुस्तकांत ‘प्रबलित काँक्रीट’ कधीच रुळलं आहे. तिथे सळई, इथे तंतू. म्हणून तंतुप्रबलित प्लास्टिक. आणि तंतू काचेचे असतील, जसे होडीत बहुधा असतात, तर काचतंतुप्रबलित. शब्द लांब आहे, पण एकदा फोड कळली की विसरत नाही.

बोलताना आपण सरसकट ‘फायबर’ म्हणतो, आणि खरा घोळ तिथे आहे. फायबरची होडी, आम्ल साठवायची फायबरची टाकी, पवनचक्कीचं पातं यांत तंतू खरोखर असतात. दुकानात ‘फायबरची’ म्हणून मिळणारी खुर्ची मात्र बहुतेक वेळा साध्या पॉलिप्रॉपिलीनची असते; तिच्यात तंतूचा पत्ता नसतो. दोन्ही वस्तू तुटल्यावर कड पाहा: होडीच्या कडेला काचेचे कुसळासारखे तंतू बाहेर येतात आणि हाताला टोचतात, खुर्चीची कड सलग असते. खुर्चीचं प्लास्टिक वितळवून पुन्हा ओतता येतं. होडीतलं पॉलिस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही, जास्त तापवलं तर करपतं. पवनचक्क्यांच्या जुन्या पात्यांचं करायचं काय, हा प्रश्न अवघड होण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

‘कार्बन फायबर’मध्ये गंमत उलटी आहे. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे, त्यात मुख्य हेच, म्हणजे कार्बनच्या तंतूंनी प्रबलित प्लास्टिक. पण नावातून रेझिन पार गळून गेलं आहे.

घरात ‘फायबर’ म्हणायला माझी हरकत नाही. निविदेत मात्र ‘काचतंतुप्रबलित प्लास्टिकची होडी’ असंच लिहावं, नाहीतर पुरवठादाराला पळवाट मिळते. लिहिताना एवढं पाहावं: सुटा ‘तंतू’ दीर्घ, समासात आधी आला की ‘तंतु’ ऱ्हस्व.