सीडी होते, डीव्हीडी अडते : रायटर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमधला डीव्हीडी रायटर बरीच वर्षं बिनतक्रार चालला. आता त्याचा भरवसा राहिलेला नाही. सीडी तो अजून वाचतो आणि लिहितोही. डीव्हीडी मात्र कधी सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ दाखवून बाहेर टाकतो, तर कधी ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन अडकतो. कधी ‘बर्न पूर्ण झाले’ म्हणतो आणि तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर मध्येच अडखळते. वडिलांच्या भाषणांच्या जुन्या कॅसेट मी संगणकावर उतरवल्या आहेत, त्यांच्या डीव्हीडी भावंडांना द्यायच्या आहेत. नवा रायटर घेऊ का?

उत्तर : रायटरचं नंतर बघू. उतरवलेल्या फाइल्सची एक प्रत आजच वेगळ्या हार्डडिस्कवर करून ठेवा. जुनी कॅसेट पुन्हा तितकीच स्वच्छ वाजेल याची खात्री नसते, आणि वडिलांचा आवाज एकाच जागी ठेवून आपण दुरुस्तीच्या मागे लागणं मला बरं वाटत नाही.

तुम्ही लक्षणं फार चांगली टिपली आहेत. बहुतेक पत्रांत ‘रायटर चालत नाही’ एवढंच असतं. डिस्क नेमकी कुठे अडते हे कळलं की अर्धं निदान तिथेच होतं.

सीडी नीट होते, यातून बरंच कळतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. दोन्ही एकाच हेडमध्ये बसवलेले असले तरी वेगवेगळे, त्यामुळे एक थकला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. मोटर आणि ट्रेवरचा संशय इथे बराचसा मिटतो. केबल मात्र पूर्ण सुटत नाही. ४८एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या ४८ पट) सीडीला सेकंदाला साधारण ७ एमबी माहिती पुरते, १६एक्स डीव्हीडीला २२ एमबी लागते, त्यामुळे खराब केबल सीडीला चालून डीव्हीडीला अपुरी पडू शकते.

आता ती एरर. बर्न सुरू होण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या बाजूला राखून ठेवलेल्या पट्ट्यात कमी-जास्त ताकदीने चाचणीच्या खुणा उमटवतो, त्या वाचून बघतो आणि लेसरची योग्य ताकद ठरवतो. कुठल्याच ताकदीवर खुणा समाधानकारक वाचता आल्या नाहीत की तो हात टेकतो. म्हणजे एक तर लेसर क्षीण झालाय, किंवा लेन्सवर धूळ आहे, किंवा डिस्कचा रंगद्रव्याचा थर त्याला मानवत नाहीये.

मी नेहमी आधी डिस्कवर संशय घेते. प्रत्येक कोऱ्या डिस्कमध्ये उत्पादकाचा एक कोड असतो. तो कोड ओळखीचा असेल, तर त्या थरावर कसं लिहायचं याचं गणित रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये) आधीच भरलेलं असतं. अनोळखी असेल तर तो सरसकट एकच पद्धत वापरतो आणि निकाल डळमळतो. वेष्टनावरचं नाव तेच राहून आतला उत्पादक बदललेला असतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ‘इमगबर्न’ हा मोफत प्रोग्राम उघडा, कोरी डिस्क घाला, उजव्या बाजूला ‘डिस्क आयडी’ दिसेल. पूर्वी नीट झालेली एखादी डिस्क घालून तिचा आयडी ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले तर जुन्या आयडीच्या डिस्क मिळवून बघा. रायटरच्या कंपनीने नवं फर्मवेअर दिलं असेल तर तेही घाला, पण त्या अचूक मॉडेलचंच.

९० टक्क्यांच्या पुढे अडतं, त्याचं उत्तर डिस्कच्या कडेला आहे. लेखन आतून बाहेर सरकतं. १६एक्सचा पूर्ण वेग कडेलाच गाठला जातो आणि तिथे डिस्क मिनिटाला ९,००० हून जास्त फेरे घेत असते. कडेला थर कमी-जास्त असण्याची शक्यता अधिक, शिवाय आपली बोटंही तिथेच लागतात. १६एक्सच्या डिस्कला ८एक्स वेग द्या. अगदी २एक्सवर उतरू नका, त्या डिस्कचा थर तेवढ्या संथ लेखनासाठी बनवलेला नसतो. आणि डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर ४ जीबीच्या आत थांबलात तर ती शेवटची कड टळते.

लेसर की माहितीचा पुरवठा, हे ठरवायला एक छान चाचणी आहे. डीव्हीडी-आर प्रकारची डिस्क घ्या (डीव्हीडी प्लस आर चालणार नाही, तिच्यात ही सोय नाही) आणि ‘टेस्ट मोड’ लावून बर्न करा. सगळं खऱ्यासारखं घडतं, फक्त लेसर लिहिण्याची ताकद लावत नाही. डिस्क कोरीच राहते. टेस्ट शेवटपर्यंत गेली आणि खरं बर्न अडलं, तर दोष लेसरचा, लेन्सचा किंवा डिस्कचा. टेस्टच रखडली, तर केबल बदला. रायटर जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई केबलवर असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चॅनेलचा मोड बघा. वारंवार चुका झाल्या की विंडोज त्याला संथ ‘पीआयओ’वर टाकतं आणि बर्न रडतखडत चालतं.

लेन्स साफ करायची तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावा आणि हलकेच एकदा फिरवा. लेन्स अतिशय नाजूक तारांवर तरंगत असते, दाब देऊ नका.

‘पूर्ण झाले’ या संदेशावर मी कधीच विसंबत नाही. माहिती पाठवून झाली, एवढंच तो सांगतो. ‘व्हेरिफाय’वर खूण ठेवा, मग प्रोग्राम प्रत्येक सेक्टर परत वाचून ताडतो. डिस्क ‘फायनलाइज’ (लेखन कायमचं बंद) झाली आहे ना, हेही बघा, नाहीतर बरेच प्लेअर ती ओळखतच नाहीत.

वेगवेगळ्या आयडीच्या चांगल्या डिस्क, ८एक्स वेग, साफ लेन्स, एवढं करूनही कॅलिब्रेशनची एरर येत राहिली तर लाल लेसर संपत आलाय असं समजा. तो बदलण्यात अर्थ नाही, तेव्हा खुशाल नवा रायटर घ्या. यूएसबीवरचा घेतलात तर तो संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावा. बर्न करताना त्याला जास्त वीज लागते, हबवरून ती पुरेलच असं नाही.