घरात एकट्यानेच सवय बदलताना

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. वेळेवर झोपायला उठलं की मित्र टोमणे मारतात, ताटात कमी वाढून घेतलं की घरात तोंडं उतरतात. आपलीच इच्छाशक्ती कमी पडते आहे का, असं तू विचारलं आहेस. मला तसं वाटत नाही. आजूबाजूची माणसं वेगळं वागत असताना एकट्याने सवय बदलणं खरोखर जड जातं. ब्रिटनमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नवरा सिगारेट ओढतच राहिला, अशा घरांत ती सोडू शकलेल्या बायका होत्या सुमारे ८ टक्के. दोघांनी मिळून सोडली, तिथे जवळपास ५० टक्के. आठ टक्क्यांतल्या बायका मनाने कणखर आणि बाकीच्या दुबळ्या, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तेव्हा आधी स्वतःला दोष देणं थांबव.

आता घरच्यांचं. ते चिडतात ते तुझ्या व्यायामावर किंवा झोपेवर नाही, हे लक्षात घे. तू एखादी गोष्ट नको म्हटलीस की त्यांना वाटतं, आपणच नकोसे झालो. वर्षानुवर्षं ज्यांनी हाताने करून वाढलं, त्यांच्या दृष्टीने पानातला घास आणि त्यांची माया वेगळी नसते. शिवाय तुझ्या बदललेल्या ताटाकडे पाहून त्यांना स्वतःचं ताट खुपायला लागतं. तू तोंडातून अवाक्षर काढलं नसलंस तरी. मित्रांच्या थट्टेमागेही बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून नकार पदार्थाला असावा, माणसाला नसावा. बोलायला सोपं आहे, करताना कस लागतो. पंगतीला न बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग, आणि तरुण मंडळी नेमका तोच धरतात. बस, थोडं घे, सावकाश जेव, गप्पा मार, जेवण झाल्यावर भांडी आवरायला लाग. जी व्यक्ती तासभर आपल्याबरोबर आहे, तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही हे सहसा कुणी मनाला लावून घेत नाही. मित्रांच्या रात्रीच्या बैठकीला लवकर जा आणि लवकर नीघ. निघताना लांबलचक कारणं सांगू नकोस. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. ‘मी आता झोपायला जातो आहे’ यावर फारसा वाद होत नाही, थोडी थट्टा होते. ती सोस.

आणि उपदेश करू नकोस. नवी सवय लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं ताट तपासायची फार खाज असते. मी पाहिलेली निम्मी घरगुती भांडणं तिथूनच सुरू झाली आहेत. साखरेवर वाचलेला लेख घरच्या गटावर पाठवायचा मोह आवर. कुणी आपणहून विचारलं, तर दोन वाक्यांत सांग आणि विषय बदल.

रोजची घासाघीस टाळायची तर एक उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. वाढणाऱ्या व्यक्तीशी जेवणाच्या वेळी नव्हे, एरवी निवांत असताना बोल. ‘तुझ्या हातचं मला आवडतंच, पण रात्री मी कमी जेवणार आहे, आग्रह करू नकोस’ एवढं एकदा प्रेमाने सांगितलं की पानावरचे बरेच प्रसंग टळतात. शक्य असेल तिथे स्वयंपाकाचा काही भाग तूच अंगावर घे. नुसत्या मागण्या करणाऱ्या माणसाचं घरात फार काळ ऐकलं जात नाही.

कधी कधी मात्र तू वाकशील. घरात काही आनंदाचं असेल, लांबून कुणी आलं असेल. त्या दिवशी सगळ्यांबरोबर जेव, उशिरापर्यंत जाग. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर लक्ष ठेवलं होतं. सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला अडीचशेहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. त्यात तुझ्या कामाची गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत आयुष्य बदलेल असं सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. आज सूट घेतली तरी उद्या नेहमीच्या वेळी सुरुवात झाली म्हणजे झालं.

काही बाबतींत मात्र अजिबात वाकू नकोस. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि पथ्य, तंबाखू, प्यायलेल्या माणसाने चालवलेली गाडी. इथे कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

व्यायामाचं तू फार ताणून धरलं आहेस असं मला वाटलं. रोज पहाटे, एकट्याने, ठरावीक वेळेलाच. मग घरातलं एक काम मध्ये आलं की सगळा दिवस फुकट. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पूर्वी ती सलग किमान दहा मिनिटांची असावी अशी अट होती, २०२०च्या सूचनांत तीही गेली. म्हणजे मित्राशी गप्पा मारत भरभर चाललेली आठ मिनिटंही धरायची. बसून गप्पा मारण्याऐवजी चालत मारू या, असं तूच सुचवून बघ. अशाने मित्रही तुटत नाहीत.

शेवटचं, सोबतीबद्दल. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, आणि हे ठाऊक नसलेला एकटा माणूस बरोबर उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही पुष्कळदा त्यांच्या मागे जायचा. पण दुसरा एकच जण बरोबर उत्तर द्यायला लागला की हे मागे जाणं खूपच कमी व्हायचं. तेव्हा सगळ्या घराला बदलायच्या भरीला पडू नकोस, एक माणूस शोध. तुझ्या पत्रात चुलतबहिणीचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे: ‘मलाही उठव’ म्हणाली होती, पण ती काही उठणार नाही, असं तूच ठरवून टाकलंस. उद्या तिला हाक मार. दोन दिवस येईल आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढून घेईल, तरी चौथ्या दिवशी परत मार. वेळ तिच्या सोयीची ठरव, तुझी अर्ध्या तासाने पुढे गेली तरी चालेल.

तुझी,
ताई