जुलैतले ३६ हजार आणि बंद समुद्र

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५७, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, ३१ मे २०२७ ला निवृत्ती. मुलगा पुण्यात कमावता. प्रश्न त्यांच्याच शब्दांत: ‘आमच्या एका पॉलिसीतून दर जुलैला ३६ हजार येतात. ते मिसेसच्या हौसेसाठी, क्रूझला राखून ठेवलेत. तर जुलै-ऑगस्टमध्येच मुंबईहून निघावं, की पैसे बाजूला ठेवून दिवाळीत जावं? स्वस्तात चांगला महिना कोणता? २०२८ ला अलास्का करायचा विचार आहे.’ सोबत तीन फोटो जोडलेत. ट्रॅव्हल एजंटचं कोटेशन, पॉलिसीचं एक पान, आणि बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू. तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलंय: ‘१२% टॅक्स फ्री. दर वर्षी एक क्रूझ!’

आधी विचारलेलं सांगून टाकतो.

जुलै विसरा. जून ते ऑगस्ट अरबी समुद्र खवळलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारचीच बंदी असते, आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. यंदा अधिक ज्येष्ठामुळे ती पौर्णिमाच २८ ऑगस्टला आहे. मुंबई-गोवा-लक्षद्वीप करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाजसुद्धा पावसाळ्यात चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करत आलंय. ज्या समुद्रात कोळी जात नाही, तिथे तुम्ही ३६ हजार घेऊन निघाला होतात.

पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा दुसरा मोसम (पहिला मे-जूनचा, २०२१ चं तौक्ते त्यातलंच). यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला. शाळांना सुट्टी, म्हणजे भाडं चढलेलं. नाताळ ते नववर्ष तर विचारूच नका. तुमच्यासाठी महिना फेब्रुवारी. समुद्र शांत, हवा बरी, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे मुलाबाळांची घरं जागची हलत नाहीत. त्यातही सोमवारी किंवा मंगळवारी निघणारी फेरी बघा, शुक्रवारची नको. लक्षद्वीप असेल तर शांत समुद्र आणखी महत्त्वाचा. तिथे मोठं जहाज लगूनच्या (बेटाभोवतीच्या उथळ पाण्याच्या) बाहेर उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. लाटा असल्या की उतरणं रद्द होतं आणि बेट लांबूनच बघून परत यायचं.

कोटेशनमधले ५८ हजार हे दोघांचं तीन रात्रींचं नुसतं भाडं आहे. खाली बारीक अक्षरात ‘पोर्ट चार्जेस, सेवाशुल्क व कर वेगळे’ लिहिलंय, ते वाचलंत का? किनाऱ्यावरच्या सहली, जहाजावरचं वरखर्चाचं, नाशिक-मुंबई येणं-जाणं धरून ८० हजार समजा. म्हणजे ३६ हजारांत निम्मी क्रूझसुद्धा होत नाही.

अलास्काचा मोसम मे ते सप्टेंबर. मेचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर त्यातल्या त्यात स्वस्त. जहाजं सिएटल किंवा व्हॅन्कूव्हरहून सुटतात, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा लागेल आणि कॅनडाचाही, कारण सिएटलहून सुटणारी जहाजंही बहुधा वाटेत कॅनडाच्या बंदराला लागतात. दोघांचे सात-आठ लाख धरा. हा विषय इथेच थांबवतो, कारण खाली जे लिहितोय ते वाचल्यावर तो तुम्हीच पुढे ढकलाल.

आता ते कार्ड.

पॉलिसी जुलै २०२४ ची. वर्षाला ३ लाख हप्ता, दहा वर्षं भरायचा, मुदत २५ वर्षं. दोन हप्ते भरून झालेत. पहिल्या वर्षाअखेरीपासून दर वर्षी ३६ हजार ‘कॅश बोनस’. ३ लाखांवर ३६ हजार म्हणजे १२ टक्के, असा त्या कार्डावरचा हिशेब.

हा हिशेब फक्त पहिल्या जुलैपुरता खरा होता. दुसऱ्या जुलैपर्यंत तुमचे ६ लाख गेलेले असतात आणि येतात तेच ३६ हजार, म्हणजे ६ टक्के. तिसऱ्या जुलैत ९ लाखांवर ३६ हजार, ४ टक्के. दहाही हप्ते भरून झाले की ३० लाखांवर ३६ हजार: १.२ टक्के. बचत खातं याहून जास्त देतं. आणि जुलैत ‘पैसे येतात’ असं तुम्ही म्हणता, पण पासबुक नीट बघा. २० तारखेला ३ लाख जातात आणि त्याच आठवड्यात ३६ हजार येतात. खिशातून निव्वळ २ लाख ६४ हजार गेले. तुमच्याच पैशातले थोडे तुमच्याच हातावर टेकवले, एवढंच झालं. शिवाय ‘बोनस’ हा शब्द पॉलिसीच्या पानावर आहे, ‘हमी’ हा शब्द फक्त तुमच्या पत्रात आहे. बोनस कंपनी जाहीर करेल तसा मिळतो.

२०४९ ला मुदत संपल्यावर ६२ लाख मिळतील असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा पॉलिसी विकताना दाखवतात त्या अंदाजाच्या तक्त्यातल्या ८ टक्क्यांच्या रकान्यातला आहे. शेजारी ४ टक्क्यांचाही रकाना असतो, त्यातला आकडा तुम्ही पत्रात उतरवलेला नाही, आणि कार्डावर पेन चालवणाऱ्यांना तो रकाना सहसा दिसत नाही. हे ८ आणि ४ कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले दर आहेत. तुमच्या हातात पडणारा दर वेगळा. ६२ लाख खरोखर मिळाले आणि ३६ हजार एकदाही चुकले नाहीत, तरी सगळ्या हिशेबाचा वार्षिक परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. तो करमुक्त, हे खरं. तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल.

इथपर्यंत ही रोजचीच गोष्ट आहे, अशी पत्रं आठवड्याला येतात. तुमच्या बाबतीत मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा. हप्ते जुलै २०३३ पर्यंत आहेत. पगार मे २०२७ ला थांबतोय. दहापैकी सात हप्ते, म्हणजे २१ लाख, निवृत्तीनंतर भरायचे आहेत. ५५ वर्षांच्या माणसाला, ज्याच्या नोकरीची तीन वर्षंसुद्धा उरलेली नाहीत, दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याने फॉर्मवर तुमचं वय आणि निवृत्तीचं वर्ष लिहिताना एकदा तरी बोटं मोजली असतील ना?

तुमचे आकडे घेऊ. पीएफ ४८ लाख, ग्रॅच्युइटी १४ लाख, एफडी ९ लाख, मिळून ७१ लाख. सात टक्क्यांनी वर्षाला ५ लाख. ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिन्याला ७ हजार म्हणताय, ते वर्षाचे ८४ हजार. एकूण ५.८ लाख. घरखर्च महिन्याला ५० हजार, वर्षाचे ६ लाख. म्हणजे पहिल्याच वर्षी उत्पन्न आणि खर्च जेमतेम तोंडमिळवणी करतायत, आणि यात महागाई धरलेली नाही. त्यावर वर्षाला ३ लाखांचा हप्ता. तो व्याजातून निघणार नाही, मुद्दल मोडूनच भरावा लागेल. २०३३ पर्यंत ७१ चे ५० च्या आसपास उरतील, तेव्हा दूध-भाजी आजच्या भावात नसेल, आणि मोडलेले २१ लाख ऐंशीव्या वर्षापर्यंत कुलुपात असतील. विमा म्हणून बघावं तर ३० लाखांचं संरक्षण आहे, पण तुमच्यावर अवलंबून फक्त पत्नी आहेत, आणि त्यांच्यासाठी हाच निधी लागणार आहे.

काय करायचं? तिसरा हप्ता भरू नका. हे मी पैज लावून सांगत नाही, हिशेबाने सांगतोय. कंपनीचा माणूस फोन करेल आणि म्हणेल, ‘साहेब, गेलेले गेले, आता पुढचे आठ भरलेत तर त्या पैशावर सहा टक्के पडतात.’ त्याचं गणित बरोबर आहे, मीही करून पाहिलं. पण ते ८ टक्क्यांच्या रकान्यातलं आहे, आणि तुम्हाला अडचण दराची नाही. पगार नसताना पैसा हाताशी नसणं ही अडचण आहे.

दोन वाटा उरतात. सरेंडर, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घेणं, किंवा हप्ते थांबवून पॉलिसी तशीच चालू ठेवणं, म्हणजे ‘पेड-अप’ करणं. सरेंडरचे सुधारलेले नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आले. तुमची पॉलिसी त्याआधी तीन महिन्यांची, तेव्हा जुनाच हिशेब. दोन हप्ते भरलेत म्हणून निदान ३० टक्के, म्हणजे ६ लाखांचे १.८ लाख, त्यातून मिळालेला बोनस वजा केला तर दीडच्या आसपास. आकडा बघून पोटात गोळा येईल, मान्य. पेड-अप केलीत तर आता काही मिळत नाही, २०४९ ला कमी झालेली रक्कम मिळते आणि दर वर्षीचे ३६ हजार बहुधा थांबतात.

कंपनीला ईमेल करून दोन्ही आकडे लेखी मागवा, फोनवर नको. मग एवढंच बघा: आज मिळणारे सरेंडरचे पैसे कर वजा जाता ६ टक्क्यांनी २३ वर्षांत साधारण चौपट होतात. पेड-अपचा २०४९ चा आकडा चौपटीहून बराच मोठा असेल तर पेड-अप, नाहीतर सरेंडर. आकडे जवळजवळ असले तर मी सरेंडरच घेईन. त्या वयात कुठे कुठे कागद पडलेत हे शोधत बसायला लागू नये.

आणि ते कार्ड फेकू नका. ‘१२% टॅक्स फ्री’ हे हस्ताक्षरातलं आश्वासन क्वचितच कुणाच्या हाती राहतं, बाकीच्यांकडे फक्त आठवण असते. विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, सोबत कार्डाचा फोटो आणि निवृत्तीची तारीख दाखवणारं कंपनीचं पत्र जोडा. हप्ते परत मागा, सरेंडर मूल्य नव्हे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर बीमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षभराच्या आत जावं लागतं. तुमची सही छापील पानावर आहे आणि पडताळणीच्या फोनवर तुम्ही ‘हो, समजलं’ म्हणाला आहात, हे ते पुढे करतीलच. त्यामुळे जिंकालच असं मी म्हणत नाही. पण ५५ वर्षांच्या माणसाला ६५ पर्यंतचा हप्ता का विकला, याचं उत्तर त्यांना कागदावर द्यावं लागेल. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका.

पत्रात एक ओळ आहे, ‘मेडिकल कंपनीचं आहे’. तेही मे २०२७ ला जाईल. वहिनींना मधुमेह आहे असं लिहिलंत. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून दोघांची आरोग्य पॉलिसी निवृत्तीची वाट न बघता याच महिन्यात घ्या. हा खर्च क्रूझच्या आधीचा.

राहता राहिली क्रूझ. फेब्रुवारी २०२७ ला जा, तेव्हा पगार चालू असेल आणि शिल्लक रजाही. मेपासून जानेवारीपर्यंत महिन्याला ९ हजारांचं आरडी लावा, ८१ हजार होतात. दोघांचा प्रवास विमा घ्या आणि त्यात मधुमेह लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल जमिनीवरच्या दवाखान्यासारखं नसतं.

आणि आज हे पान मिटण्याआधी बँकेत जाऊन हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या. पोच घ्या. २० जुलैला खात्यातून ३ लाख आपोआप गेले, तर वर लिहिलेलं सगळं वर्षभर पुढे जाईल. अर्ज घेणारा बहुधा तोच रिलेशनशिप मॅनेजर असेल. त्याने नवीन कार्ड पुढे केलं तर मागची बाजू कोरी आहे ना, ते बघून घ्या.